औषध न लिहिणारी डॉक्टर

डॉक्टरची फी वसूल झाली की नाही, हे आपल्याकडे चिठ्ठीवरच्या औषधांवरून ठरते. जनावरांच्या दवाखान्यातही तेच. मांजराला शिंका आल्या, कुत्र्याला जुलाब लागले, की मालक म्हणतो, "एखादं स्ट्राँग अँटिबायोटिक द्या." आणि बऱ्याच ठिकाणी ते मिळतेही.

आमच्या शेरू बोक्याला गेल्या हिवाळ्यात थेंबथेंब आणि रक्ताळलेली लघवी होऊ लागली. डॉक्टरबाईंनी आधी पोट चाचपून लघवी तुंबलेली नाही ना, ते पाहिले. बोक्याची लघवी पूर्ण अडली तर एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो; तिथे घरी गोळी देत बसायचे नसते, लगेच दवाखाना गाठायचा असतो. मग लघवी तपासली. जंतू नव्हते. त्यांनी वेदना कमी करणारे औषध लिहिले, ओला खाऊ आणि भरपूर पाणी द्यायला सांगितले. अँटिबायोटिक नाही.

वाटेत धाकटा भाऊ कुरकुरला, "भाईजान, पैसे घेतले आणि औषध दिलंच नाही."

पण औषध न देण्यासाठीच तर त्यांचे शिक्षण कामी आले होते. तरुण मांजरांत हा त्रास बहुतेकदा जंतूंमुळे होतच नाही. त्यामागे ताणही असू शकतो. मांजराच्या शिंकांमागे अनेकदा विषाणू असतात आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. कुत्र्याचे साधे जुलाब बऱ्याचदा आपोआप थांबतात.

गरज असते तिथेही प्राणी कोणता, वजन किती, हे पाहूनच औषध ठरते. सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन दिले तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून तो दगावू शकतो. एन्रोफ्लॉक्सासिनचा डोस जास्त झाला तर मांजर आंधळे होऊ शकते. डॉक्सीसायक्लिनची गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते, म्हणून गोळीमागून पाणी पाजावे लागते. घरातल्या माणसाची उरलेली अर्धी गोळी बोक्याला देणे ही माया नव्हे.

माझी काळजी शेरूपुरती नाही. अब्बांना मधुमेह आहे. त्यांच्या पायाची जखम चिघळली, तेव्हा कल्चरच्या रिपोर्टमध्ये बहुतेक औषधांपुढे 'रेझिस्टंट' लिहून आले होते. शेरू रात्री त्याच पायांशी झोपतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट माणसांनाही देतात आणि मांजरांनाही. औषधाला न जुमानणारे जंतू माणसाकडून जनावराकडे जातात, तसे जनावराकडून माणसाकडेही येतात.

पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच, नोबेल स्वीकारताना, अपुऱ्या डोसने जंतू निर्ढावतील असे बजावले होते. माणसांच्या अखेरच्या उपायांपैकी एक असलेले कोलिस्टिन कोंबड्या आणि दूध-मांसाच्या जनावरांना देण्यावर भारताने २०१९ मध्ये बंदी घातली. घरातल्या लाडक्या मांजराच्या बाबतीत मात्र बरेच काही डॉक्टरच्या पेनावर आणि आपल्या हट्टावर अवलंबून असते.

म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात अँटिबायोटिक मागण्याऐवजी चार प्रश्न विचारा: जंतू आहेत हे कशावरून? कल्चर करायचे का? किती दिवस द्यायचे? पुन्हा दाखवायला कधी आणू? आणि डॉक्टर "याची गरज नाही" म्हणाले, तर फी आनंदाने द्या.