सोड म्हटल्यावर सोडणारी जागा

जूनमध्ये एका आईचा फोन आला. आठ वर्षांपूर्वी त्यांनी थोरल्या मुलीला आमच्या कराटेच्या वर्गात घातलं होतं. आता धाकटी चौदा वर्षांची झाली होती. ‘मॅडम, तेव्हा तुम्ही सांगितलं होतं तसंच हिचंही करू ना?’ त्यांनी विचारलं. मला चटकन हो म्हणता आलं नाही. तेव्हा काय सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं, कारण अकरा वर्षं बाकावर बसलेल्या प्रत्येक आईला मी तेच सांगत आले होते. मुलीला ठोसा शिकवा, लाथ शिकवा, पण झोंबाझोंबी नको. परक्या माणसाच्या अंगाला अंग लावून जमिनीवर लोळायचं, हे आपल्या मुलींचं काम नाही.

ते चूक होतं. चूक साधीही नव्हती, कारण माझ्या शब्दावर विसंबून मुली घडत होत्या.

मी मूळची कोल्हापूरची. आबा, म्हणजे माझे आजोबा, पेठेतल्या तालमीत जायचे. म्हातारपणी लढणं सुटलं तरी पहाटे जाऊन हौदाच्या कडेला बसायचे आणि पोरांना डाव सांगायचे. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मळलेली ती लाल माती मी कायम दारातूनच पाहिली. मुलींना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. आबांचे कान दुमडून घट्ट झालेले होते. लहानपणी मी ते हातानं चाचपून बघायची आणि विचारायची, हे कशानं झालं? ‘मातीनं,’ ते म्हणायचे. दार बंद होतं याचं वाईट वाटण्यापेक्षा मी दुसरंच काही केलं. जे आपल्याला मिळणार नाही ते आपल्याला नकोच आहे, असं फार लवकर ठरवून टाकलं. पुण्यात कॉलेजला आल्यावर कराटे सापडलं. पांढरा स्वच्छ पोशाख, आधी वाकून नमस्कार, दोघांत हातभर अंतर. मला ते अंतर आवडलं. पुढे काळा पट्टा मिळाला, वर्ग घ्यायला लागले आणि ते अंतरच मी मुलींना शिकवत राहिले.

चार वर्षांपूर्वी एक जुनी विद्यार्थिनी मला ब्राझिलियन जुजुत्सूच्या वर्गाला घेऊन गेली. कोचनी माझ्यासमोर कॉलेजातली एक मुलगी उभी केली, जेमतेम पन्नास किलोची. मी चौसष्ट किलोची. ते म्हणाले, ‘तुम्ही हलक्या हातानं हवं तेवढं मारा, ती फक्त धरेल.’ मी पहिला ठोसा टाकेपर्यंत ती हाताखालून आत शिरली होती. कंबरेला मिठी, पायात पाय, आणि माझी पाठ मॅटला लागलेली. ती छातीवर बसली. मी खालून मारत होते आणि ते ठोसे तिला जाणवतसुद्धा नव्हते. ठोशाची ताकद तळपायातून निघते, कमरेत वळते आणि खांद्यातून सुटते. हे मी शेकडो मुलींना शिकवलं होतं. पाठीवर पडलेल्या माणसाला तळपायांचा आधार नसतो, आणि कंबर दुसऱ्याच्या मांड्यांत अडकलेली असते, एवढा साधा विचार मी कधी केला नव्हता. पाच मिनिटांत मी सहा वेळा टॅप केलं, म्हणजे हार मानली. सहाही वेळा माझा हात तिच्या अंगावर दोनदा आपटला, त्याच क्षणी तिनं पकड सोडली.

त्या रात्री झोप लागली नाही. हरल्याचं दुःख नव्हतं. बाईवर हात टाकणारा माणूस तीन पावलं लांब उभा नसतो. तो मनगट धरतो, केस धरतो, भिंतीला दाबतो, खाली पाडतो. पळणं आणि ओरडणं याला पर्याय नाही, हे मी आजही आधी सांगते. पण पळण्याआधी सुटावं लागतं. आणि ज्या अंतराच्या आत धोका असतो, तिथं माझ्या मुली अकरा वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या. मीच जाऊ दिलं नव्हतं.

मग वाचायला लागले. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योत कोदोकान सुरू केलं आणि जुदो घडवला, एवढं मला माहीत होतं. त्यांनी नेमकं काय केलं ते मात्र कळलं नव्हतं. जुन्या जुजुत्सूतले इजा करणारे डाव त्यांनी खुल्या सरावातून बाजूला काढले. त्यामुळे उरलेले डाव पूर्ण ताकदीनं, विरोध करणाऱ्या माणसावर, रोज करता येऊ लागले. कमी घातक डाव, पण खरा सराव. मी मुलींना याच्या उलट सांगत होते: आपले डाव इतके घातक आहेत की खरे करून बघता येत नाहीत. वर्गात समोरची मुलगी ठरलेला ठोसा ठरलेल्या उंचीवर आणायची आणि दुसरी तिचा हात पिरगाळेपर्यंत तो तसाच धरून थांबायची. दोष कराटेचा नाही. क्योकुशिनसारख्या पूर्ण ताकदीनं लढणाऱ्या शाखा कराटेतच आहेत. दोष आमच्या वर्गाचा, म्हणजे माझा.

कानोंचाच शिष्य मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचला, त्याच्याकडून ही विद्या तिथल्या ग्रेसी घराण्याकडे गेली, तिचंच ब्राझिलियन जुजुत्सू झालं, आणि 1993 च्या नोव्हेंबरात डेन्व्हरला झालेल्या यूएफसी या मिश्र युद्धकलांच्या पहिल्या स्पर्धेत रॉयस ग्रेसीनं एका रात्रीत तीन लढती जिंकल्या, तेही आपल्याहून धिप्पाड माणसांना जमिनीवर नेऊन. हे वाचताना मला सारखा आबांचा हौद दिसत होता. आमच्या तालमीत हे रोजचंच होतं. जोर-बैठका झाल्या की लढत, आणि लढतीत समोरचा कधी थांबून राहायचा नाही. गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा त्यांना मॅटची सवय नव्हती, तरी ते सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. त्यामागे मातीतल्या असंख्य खऱ्या लढती होत्या. मी जपानमार्गे ब्राझीलला जाऊन जे शोधलं, ते माझ्या घराच्या मागच्या गल्लीत होतं.

इथं माझी पहिली चूक संपते. दुसरी मी तिच्यानंतर लगेच केली, आणि ती सांगायला जास्त जड जाते.

खरा सराव हवा म्हटल्यावर मी सगळ्यांत कडक जागा शोधली. पहिल्याच दिवशी एक मुलगा नाकातलं रक्त पुसत परत रिंगमध्ये चढला, आणि हीच ती जागा, असं मला वाटलं. रक्त म्हणजे खरेपणा, अशी समजूत मी करून घेतली होती. तिसऱ्या आठवड्यात माझ्याहून वीस किलोनं जड माणसाशी मला स्पारिंगला लावलं. डोक्याला हेडगार्ड होतं. हेडगार्डनं भुवई फुटायची वाचते, पण कवटीच्या आत मेंदू हिंदकळायचा थांबत नाही. म्हणून तर पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून ते 2013 पासून काढून टाकलं, आणि रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवाय उतरले. हे मला नंतर कळलं. एक हुक कानाच्या वर बसला. मी पडले नाही, पण समोरच्या भिंतीवरची अक्षरं दोन-दोन दिसायला लागली. तिथल्या प्रशिक्षकानं विचारलं, ‘ठीक आहे ना?’ मी मान डोलावली आणि पुढचा राउंड झाला. मेंदूला मार लागल्याची शंका आली तर त्या दिवशी परत उतरायचं नसतं, हा खेळातला सगळीकडे मानलेला नियम आहे. पुढचे दहा दिवस मला उजेड सहन होत नव्हता. त्यातही माझी मुख्य तक्रार त्या ठोशाबद्दल नाही. तिथं ‘पुरे’ म्हणण्याची सोय नव्हती आणि कुणी म्हटलंच तर ते ऐकायची पद्धत नव्हती, तक्रार त्याबद्दल आहे.

डोकं धरून कोल्हापूरला गेले होते. आबा तेव्हा होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘पोरी, नवं पोर आलं की थोरला पैलवान त्याला अंगावर खेळवतो. त्याला मोडलं तर उद्या जोडीला कोण येणार?’

तेव्हापासून माझं बघणं बदललं. आता कुठल्याही जिममध्ये गेले की भिंतीवरच्या पदकांकडे, पट्ट्यांच्या रंगांकडे मी शेवटी बघते. आधी एका कोपऱ्यात बसून पूर्ण वर्ग बघते, आणि बसू देत नसतील तर तिथून निघते. नजर ठेवते ती सगळ्यांत नवख्या, सगळ्यांत हलक्या माणसावर. त्याचा जोडीदार कोण लावलाय, त्यानं टॅप केल्यावर हात किती वेळात सुटतो, आणि नाही सुटला तर कोच तिथं काय करतात. टाचेला पीळ देणारी पकड नवख्यांवर कुणी लावत असेल तर माझ्या दृष्टीनं प्रश्न तिथंच मिटला. त्या पकडीत दुखायला लागेपर्यंत गुडघ्याचा स्नायुबंध तुटलेला असू शकतो, मग टॅपचा उपयोग काय? स्पारिंगमध्ये डोक्यावरचे ठोसे किती जोरानं पडतात ते ऐकते. हो, ऐकते. खेळवणाऱ्या ठोशाचा आणि फोडणाऱ्या ठोशाचा आवाज वेगळा असतो. बाईला जोडीदार नाकारता येतो का, हे सरळ विचारते, आणि उत्तर देताना कोच अवघडले तर तेही ध्यानात ठेवते. मॅट रोज पुसतात का, नखं तपासतात का, हे प्रश्न लोकांना क्षुल्लक वाटतात. पण घामट मॅटवरून नायटा बघता बघता अख्ख्या वर्गात फिरतो. वर्षाची फी एकदम मागणाऱ्या ठिकाणी महिन्याची भरून बघू का, असं विचारते.

मारायचं आधी की धरायचं आधी, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आता पक्कं आहे. पहिले सहा महिने ग्रॅपलिंग, म्हणजे धरणं. तिथं पहिल्या आठवड्यापासून बरीचशी खरी ताकद लावता येते, कारण टॅप आहे. ठोशाला टॅप नसतो, तो लागून गेलेला असतो. नंतर बॉक्सिंग किंवा मुए थाय जरूर करावं. येणाऱ्या मुठीसमोर डोळे उघडे ठेवणं दुसरीकडे कुठे शिकता येत नाही. दोन्ही एकाच छताखाली मिळालं पाहिजे असा हट्ट मात्र मी सोडलाय. एकाच तासात सगळं उरकणाऱ्या वर्गापेक्षा दोन चांगल्या जागा बऱ्या, मग बसचं तिकीट थोडं जास्त पडलं तरी चालेल.

तालमींचं दारही हळूहळू उघडतंय. 2023 मध्ये सांगलीला महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मी ती बातमी कापून ठेवली आहे. आबांना ती वाचून दाखवायची राहिली.

त्या आईला मी फोनवर एवढंच म्हटलं की माझं मत बदललंय, समोर बसून सांगते. शनिवारी आम्ही चौघी एका जुजुत्सूच्या वर्गाला जाऊन बाकावर बसलो. थोरली आता एकोणीस वर्षांची आहे. मी तिच्याकडे बघून म्हटलं, ‘तुला मी अर्धंच शिकवलं. उरलेलं मला येत नव्हतं, आणि ते नको असतं असं मी तुला सांगितलं. माझी चूक झाली.’ ती काही बोलली नाही. समोर नव्वद किलोचा एक माणूस बारा वर्षांच्या मुलाखाली पडला होता आणि मुलाला गळ्याची पकड जमेपर्यंत थांबून-थांबून विरोध करत होता, थोडा सैल, परत थोडा घट्ट. मुलाची पकड बसली. माणसानं त्याच्या पाठीवर दोनदा थाप मारली. मुलानं सोडलं, दोघांनी हात मिळवले आणि परत सुरुवात केली.

थोरलीनं चपला काढल्या. ‘सेन्सेई, मी आज उतरू का?’ तिनं मला विचारलं. मी कोचकडे बोट दाखवलं. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. त्यांनी आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग टेबलावरचं नेलकटर उचलून तिला दिलं.