वाक्याचे शेपूट

मी कॉलेजात मराठी शिकवतो. पण सोसायटीतल्या मुलांच्या इंग्रजीच्या अडचणी येतात त्या माझ्याकडे. कारण उघड आहे. इंग्रजीच्या प्राध्यापकांना इंग्रजी अडत नाही. मला ते अडते, म्हणून कुठे अडते हे मला ठाऊक असते!

अडचण बहुधा एकाच जागची. 'अफ्रेड'ला 'ऑफ' हवा, 'गुड'ला 'ॲट', 'फेमस'ला 'फॉर', 'डिपेंडंट'ला 'ऑन'. ही लग्ने आपल्या पंचांगाप्रमाणे लागलेली नाहीत. आपण कुत्र्याला भितो. इंग्रज कुत्र्याचा भितो. तरी साध्या वाक्यात पाठांतरावर निभावते. फजिती होते ती विशेषण संबंधी वाक्यात शिरले म्हणजे. 'द डॉग आय ॲम अफ्रेड ऑफ.' कुत्रा पुढे निघून गेला आणि बिचारा 'ऑफ' वाक्याच्या शेपटाला लोंबकळत राहिला! मुले तो हमखास गाळतात. एखादा हुशार मुलगा 'ऑफ विच' म्हणून त्याला पुढे ओढतो, आणि धीर न होऊन शेवटी पुन्हा एक 'ऑफ' ठेवून देतो.

हे लोंबकळणे खुद्द इंग्रजांनाही खुपले होते. १६७२ साली जॉन ड्रायडनने बेन जॉन्सनच्या अशा एका ओळीला नावे ठेवली. इतकेच नव्हे, तर स्वतःच्या १६६८ सालच्या नाट्यविषयक निबंधातली तसली वाक्ये १६८४ च्या आवृत्तीत दुरुस्त केली. पुढे १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथने आपल्या व्याकरणात निवाडा दिला, की बोलण्यात हे चालेल, गंभीर लेखनात मात्र अव्यय पुढे आणलेले बरे. गंमत अशी, की आपल्या भाषेला याची ओढच आहे, हे सांगणारे त्याचे स्वतःचे वाक्य 'टू'वर संपते! अव्यय पुढे ठेवा की मागे, हा रीतभातीचा प्रश्न झाला. ते गाळायला मात्र कोणीच परवानगी देत नाही.

मग आमची मुले का गाळतात? कारण मराठीत ते गळतेच. 'आई भाजी चिरते ती विळी.' यात विळीचा 'ने' कुठे आहे? 'आम्ही राहतो ते घर.' घरातला 'त' कुठे गेला? कोणाचे काही अडत नाही. काटेकोरपणाच करायचा तर 'ज्या विळीने', 'ज्या घरात' म्हणावे. तिथे प्रत्यय नामाला असा चिकटून बसतो, की त्याला मागे टाकून पुढे जाताच येत नाही. पण 'अवलंबून' या शब्दाला ही गाळागाळ सोसत नाही. कोण कोणावर, हे तिथे सांगावेच लागते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, कसल्याशा सवलतीचा इंग्रजी फॉर्म आला. भाऊजी गेल्यानंतर अक्काने शिवणयंत्रावर दोन मुले वाढवली आणि माझी एम. ए.ची फी भरली. फॉर्मात विचारले होते, 'नेम ऑफ द पर्सन ऑन हूम यू आर डिपेंडंट'. फॉर्म गंभीर असल्यामुळे 'ऑन' अर्थातच पुढे आणलेला होता. मी मराठीत सांगितले, "तुम्ही ज्यांच्यावर अवलंबून आहात, त्यांचं नाव."

अक्काने चष्मा पुसला. "आणि माझ्यावर जे अवलंबून होते, त्यांची नावं कुठल्या रकान्यात लिहायची?"

तसा रकाना नव्हता. 'हू वेअर डिपेंडंट ऑन यू.' तेच शब्द थोडे इकडचे तिकडे केले असते, तर तो तयार झाला असता. त्यात पहिले नाव माझे आले असते.

"मग इथे काय लिहू?" मी विचारले.

"रेघ मार," अक्का म्हणाली, "आणि खालची ओळ वाच."