फादरांचं अक्षर

आमच्या चर्चच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात स्नानसंस्काराच्या नोंदवह्या आहेत. आडव्या, जाड पुठ्ठ्याच्या, उचलायला दोन हात लागतात. एका माणसाला एक ओळ. नाव, जन्मतारीख, आईवडील, बापाचा धंदा, राहती वाडी, धर्मपिता, धर्ममाता आणि शेवटी संस्कार देणाऱ्या धर्मगुरूंची सही. समास मोकळा ठेवलेला असतो. पुढे दृढीकरण झालं, लग्न झालं, की त्याची नोंद त्याच ओळीच्या समासात होते. लग्न परगावी झालं तरी तिकडून कळवतात. म्हणून तर लग्न ठरलं की सहा महिन्यांच्या आतला ताजा दाखला मागतात.

माझ्या ओळीतलं अक्षर आमच्या फादरांचं आहे. निळी-काळी शाई, उजवीकडे किंचित कललेली अक्षरं. तेव्हा ते नुकतेच गुरुदीक्षा घेऊन सहायक म्हणून आले होते. मग बदल्या होत होत वसईभर फिरले आणि नव्वदच्या दशकात प्रमुख धर्मगुरू म्हणून परत आमच्याच गावात आले. माझ्या लग्नाची समासातली नोंदही त्यांच्याच हातची. गेल्या पावसाळ्यात फादर गेले. तेव्हापासून रविवारची मिस्सा झाली की मी कचेरीत डोकावते. जुन्या वह्या संगणकावर चढवायचं काम चालू आहे आणि त्यांचं अक्षर लावणारं कुणीतरी लागतं.

बापाच्या धंद्याचा रकाना वरून खाली वाचत गेलं तर अख्खं गाव डोळ्यांसमोरून जातं. आधी पानंच्या पानं बागायतदार. पानवेली, केळी, फुलं. पहाटेच्या लोकलने दादरला जाणाऱ्या टोपल्या. मग मधूनच एखादा एसटीत, एखादा रेल्वेत. नंतर बँका, कंपन्या, आखाती देश. बागायतदार विरळ होत गेले. फादरांना हे फार लागायचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईचा लढा उभारला, तेव्हा आमचे फादर व्यासपीठावर कधी दिसले नाहीत. मोर्च्यात ते बायाबापड्यांबरोबर चालायचे आणि संध्याकाळी वाडीवाडीत जाऊन सांगायचे, बावखलं, ही आपली तळी, बुजवू नका, तुमच्या विहिरींचं पाणी तिथूनच येतं. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका आली. आमची गावं तिच्यातून वगळा म्हणून लोक झगडले. आज आमच्या वाडीत उरलेल्या बावखलाशी उभं राहिलं की वाटतं, फादरांचं आणखी ऐकायला हवं होतं.

पण मला खरं सांगायचं आहे ते मृत्यूच्या वहीबद्दल.

गावातल्या एका तरुणाने विहीर जवळ केली होती. जुनी माणसं कुजबुजू लागली की अशाला दफनभूमीत जागा देत नाहीत. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. चर्चच्या 1917 च्या धर्मविधी-संहितेत तशी बंदी होती आणि ती त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. 1983 च्या नव्या संहितेतून ते कलम गेलं होतं. फादरांनी कुणापुढे संहिता उघडली नाही. त्यांनी पूर्ण मिस्सा केली, शवपेटीला स्वतः खांदा दिला आणि दफन झाल्यावर त्याच्या आईला हाताला धरून चर्चच्या दाराने, सगळ्यांच्या देखत, घरी पोचवलं. पुढे कितीतरी महिने रात्रीच्या जेवणानंतर ते त्या घरी जाऊन बसत.

काही वर्षांनी दुसरीच नोंद शोधताना ती ओळ माझ्यासमोर आली. मृत्यूचं कारण या रकान्यात लिहिलं होतं : आजार. मी वही त्यांच्यापुढे सरकवली. म्हटलं, “फादर, हे...”

चष्मा काढून ते म्हणाले, “आजारच होता, बाय. आपल्याला दिसला नाही.”

त्यांच्याकडून मी पुष्कळ प्रवचनं ऐकली. नाताळची, पवित्र शुक्रवारची, भर गर्दीतली. मनात घर करून बसलं ते एवढंच. शाळेत शिकवताना एखादं मूल गप्प गप्प दिसलं की मी अजूनही आधी त्याच्या बाकाशी जाते.

त्यांना त्यांच्या जन्मगावी पुरलं. नंतर मी तिथल्या कचेरीत विनंती करून त्यांची ओळ पाहिली. बापाचा धंदा : बागायतदार. समासात लग्नाऐवजी गुरुदीक्षेची तारीख. गुरुदीक्षाही तिथेच नोंदवायची असते.

आमच्या वह्यांत एक गोष्ट नियमात बसणारी नाही. गावात एकाच नावा-आडनावाची चार-चार माणसं. म्हणून फादरांनी प्रत्येक ओळीखाली शिसपेन्सिलीने त्या घराचं बोलीतलं नाव लिहून ठेवलंय : रहाटावरचे, चिंचेखालचे. गल्लत होऊन एकाचा दाखला दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. नवे तरुण फादर मागच्या रविवारी म्हणाले, “हे खोडून टाकायचं का? अधिकृत नाही.” मी म्हटलं, “नका खोडू, फादर. टाइप करताना हेही घ्या.” थोडा विचार करून त्यांनी संगणकात आणखी एक रकाना वाढवला. आता घरांची नावं मी वाचून दाखवते आणि ते भरतात.