वीतभर खोलीची दोरी

सावद्यात केळीच्या भावावर दिवसभर बोलणारी माणसं हवी तेवढी. गळाच्या दोरीवर बोलायला कुणी बसत नाही. माझं पाणी हतनूरचं. तापी-पूर्णेच्या संगमाकडे, चांगदेवच्या अंगाला धरणाचा फुगवटा पसरलाय. थंडीतल्या सकाळी तिथे चिलापी पाण्याच्या वरच्या थरात, वीतभर खोलीवर किडे टिपत फिरते. हा परका मासा १९५२ मध्ये भारतात आणला. आता तो कुठल्या धरणात नाही, हेच विचारावं.

पंख फुटायच्या आधी वर येणाऱ्या जलकिड्यासारखा पिसांचा गळ बांधायचा. त्याला वजन नसतं. फेकीचं वजन दोरीतच असतं: पाच नंबरच्या दोरीचे, म्हणजे फ्लाय लाइनचे, पहिले ३० फूट जेमतेम ९ ग्रॅम भरतात.

मासा वर, म्हणून दोरी तरंगती, असं कुणीही म्हणेल. वारा पडलेला असेल तर खरंही आहे. दोरी जागच्या जागी राहते, गळ लोंबकळतो आणि तिच्या टोकाकडे बघत बसायचं. पण वारा सुटला की तरंगत्या दोरीला झोळ पडतो, झोळ गळाला ओढतो आणि गळ पाण्यावर रेघ काढत निघतो. जिवंत किडा अशी रेघ काढत नाही, हे चिलापीला आपल्याहून चांगलं कळतं. अशा वेळी मी सेकंदाला इंच-दीड इंच बुडणारी, इंटरमीडिएट म्हणतात ती दोरी काढतो. ती लाटेच्या खाली सरळ राहते. मात्र हात थांबला की गळ चालला खोल, म्हणून ओढ चालूच ठेवावी लागते.

जी. ई. एम. स्क्यूज या इंग्रज वकिलाने १९१० साली पाण्याखालच्या किड्यासारखा गळ वापरून करायच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा ‘मासा पृष्ठभागावरच धरावा’ म्हणणारे त्याच्यावर उखडले. त्यांच्या नद्या थंड होत्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. थंड मुलखासाठी बनवलेल्या दोरीचं प्लॅस्टिक तेव्हा मऊ पडतं आणि ती काठीच्या कड्यांना चिकटते. नंबर बघण्याआधी दोरी उष्ण मुलखासाठीची आहे का, ते बघावं.

टोकाला मी साधा नायलॉनचा तंगूस लावतो आणि शेवटची वीत सोडून त्याला मेण चोळतो. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतो खरा, पण जड. गळ खाली नेतो. तळाला चरणाऱ्या मृगळासाठी तो ठीक.