सहा पायांचा दशपाद

सालेकशाच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीची दुकाने नेहमी एका कडेला लागत. जमिनीवर पोते अंथरलेले, त्यावर एका बाजूला बोंबलांच्या काड्या आणि दुसऱ्या बाजूला फिकट गुलाबी सुकटीचा ढीग. कोकणात हिलाच जवळा म्हणतात. मुंबई-हावडा लोहमार्गाने मोजले तर मुंबईचा समुद्र इथून सुमारे हजार किलोमीटर दूर पडतो. दरेकशाचा बोगदा, हाजरा फॉल, कचारगडच्या गुहा, रान आणि भाताच्या बांध्या अशा ह्या मुलखात, मीठ सोडले तर, गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचणारा समुद्र तो एवढाच. ह्या सुकटीविषयी लिहायचे आहे. आणि तिच्या ओघाने माझ्या एका जुन्या चुकीविषयी.

१९९०च्या दशकात मी ह्या भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असे. सालेकसा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, दोन सूक्ष्मदर्शक आणि फॉर्मालिनच्या बरण्या. त्यांपैकी एका बरणीत गोड्या पाण्यातला झिंगा होता, वर्षानुवर्षांच्या मुक्कामाने पांढरा पडलेला. फळ्यावर मी त्याची आकृती काढीत असे: शिरोवक्ष, उदर, एकूण १९ जोड्या उपांगे. डोक्याच्या ५, वक्षाच्या ८, उदराच्या ६. वक्षाच्या आठांपैकी पहिल्या तीन जोड्या घास तोंडाशी नेण्यासाठी आणि उरलेल्या पाच चालण्यासाठी. पाच जोड्या म्हणजे दहा पाय, म्हणून गणाचे नाव दशपाद. हे वाक्य मी दरवर्षी त्याच स्वरात म्हणत आलो होतो.

एका वर्षी एक मुलगा वर्तमानपत्राच्या पुडीत सुकट घेऊन आला. घरी तळ्यावरच्या मासेमारीचा धंदा. झिंगा त्याने माझ्यापेक्षा कितीतरी अधिक हाताळलेला. रात्रभर भिजवून मऊ केलेली सुकट त्याने काचेवर ओळीने मांडली आणि म्हणाला, "सर, ह्याले सहाच पाय हायेत."

मी न वाकता उत्तर दिले, "वाळताना, पोत्यात भरताना तुटले असतील. दशपाद आहे तो. आकृती पाहा."

"चाळीस पायले जी. सगळ्याइले सहाच."

"मग चाळिसांचेही तुटले," मी म्हणालो. वर्ग हसला. मुलगा गप्प बसला. प्रयोगवहीत त्याने मुकाट्याने झिंग्याची दहा पायांची आकृती काढली आणि मी तिच्यावर लाल शाईने खूण केली. प्रसंग तेवढाच. मी तो विसरूनही गेलो.

पुढे बऱ्याच वर्षांनी माकोतो ओमोरी ह्या जपानी संशोधकाचा १९७५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रबंध हाती आला. असिटिस ह्या वंशातल्या समुद्री कोळंब्यांचे वर्गीकरण, त्यांचा प्रसार आणि त्यांची मासेमारी हा त्याचा विषय. आपल्या किनाऱ्यावरचा जवळा म्हणजे मुख्यतः ह्याच वंशातली असिटिस इंडिकस ही जाती. तिचे वर्णन आंरी मिल्न-एदवार्द ह्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८३० साली केले. वंशाची ओळख सांगणारे जे लक्षण अगदी आरंभीच येते ते वाचून मी पुस्तक मिटले. चालण्याच्या पायांची चौथी आणि पाचवी जोडी ह्या वंशात नसते. उरतात तीन जोड्या, सहा पाय. ५ आणि ८ आणि ६ ह्यांच्या बेरजेतून दोन वजा करायचे: १७ जोड्या उपांगे.

त्याच आठवड्यात बाजारातून सुकट आणली आणि बशीत भिजत घातली. इतकी वर्षे ती मापाने घेतली होती, मुठीने उचलली होती, तव्यावर परतून कांद्याबरोबर खाल्ली होती. एक सुकट अशी कधी पाहिलीच नव्हती. आपण सुकट म्हणतो, जवळा म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर ढीगच येतो, त्यातला एक जीव येत नाही. भिंगाखाली मात्र एकेक वेगळी झाली. लांबी दोन ते चार सेंटिमीटर, मादी नराहून मोठी. खसखशीएवढे दोन काळे डोळे लांब देठांवर बसवलेले. तळ्यातल्या झिंग्याच्या कपाळावर करवतीसारखी दातेरी चोच असते. हिची चोच इतकी आखूड की शोधावी लागते. मोठ्या स्पृशा शरीराहून लांब आणि वाटेत कोपरासारख्या वळलेल्या. सुकटीत त्या बहुधा मोडलेल्या सापडतात. नराच्या लहान स्पृशेवर मादीला धरून ठेवण्यासाठी एक आकडा असतो. सहा पायांच्या टोकांना चिमटे आहेत, पण ते भिंगालाही जेमतेम दिसतात. जिवंतपणी हा प्राणी जवळजवळ पारदर्शक असतो. शेपटीच्या पंख्यातल्या आतल्या पात्यांच्या बुडाशी तेवढे लाल ठिपके. कवचधाऱ्यांच्या अंगातले तांबडे रंगद्रव्य जिवंतपणी प्रथिनाशी बांधलेले असते. ती गाठ सुटली की रंग उघडा पडतो. बाजारातला गुलाबी रंग हा असा मरणोत्तर आहे. आपल्या उलट, ह्या प्राण्याचे हृदय पाठीकडे आणि मज्जारज्जू पोटाकडे असतो.

मग मी त्या दोन जोड्यांची जागा पाहिली. स्पृशा जिथे मोडली होती तिथे खुंट उरला होता. एखादा पाय खरोखरच गळला होता तिथे खोबण दिसत होती. तिसऱ्या जोडीच्या मागे मात्र खुंटही नव्हता आणि खोबणही नव्हती. तुटलेल्याची खूण राहते. इथे काही तुटलेच नव्हते. हे पाहण्यासाठी जपानी प्रबंधाची गरज नव्हती. त्या दिवशी काचेवर वाकण्याची होती.

न उरलेल्या पायांची कथाही अर्थपूर्ण आहे. जवळ्याच्या नात्यातला सर्जेस्टीस नावाचा वंश आहे. त्याच्यात ह्या शेवटच्या दोन जोड्या आखूड होऊन शिल्लक आहेत. असिटिसमध्ये त्याही गेल्या. आमच्या तळ्यातला झिंगा चिखलातून, दगडांवरून चालतो. त्याला पाय हवेत. जवळा थव्यांनी पाण्यात तरंगत जगतो आणि उदराखालच्या पाच जोड्या वल्ह्यांसारख्या मारीत पोहतो. झिंग्याची मादी त्याच उदराखालच्या उपांगांना अंडी चिकटवून मिरवते. जवळ्याची मादी अंडी सरळ पाण्यात सोडून देते आणि तिची वल्ही मोकळी राहतात. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर हे थवे वाहतात, म्हणूनच प्रवाहात तोंड उघडे ठेवून बांधलेल्या कोळ्यांच्या डोल जाळ्यात ते येतात. त्यांच्यामागे त्यांना खाणारा बोंबीलही त्याच जाळ्यात येतो. सालेकशाच्या बाजारात एकाच पोत्यावर ते दोघे शेजारी मांडलेले असत, खाणारा आणि खाल्ला जाणारा, आणि मी दोघांचा भाव विचारून पुढे जात असे.

मग हा प्राणी दशपाद कसा? प्रश्न त्या मुलाचाच आहे, आणि त्याचे उत्तर मला तेव्हा द्यायला हवे होते. दशपाद हे नाव नात्याचे आहे, मोजणीचे नव्हे. खेकडा, झिंगा आणि जवळा एका कुळातून आले, म्हणून एका नावाखाली येतात. वाटेत कोणी दोन जोड्या सोडल्या म्हणून कुळ बदलत नाही. मी कुळाचे नाव हे माप समजलो आणि त्या मापात न बसणाऱ्या चाळीस जीवांना मोडके ठरवले.

हे फक्त सुकटीपुरते असते तर लिहिलेही नसते. झाडीबोलीत 'ण' नाही. पाण्याला इथली मुले 'पानी' म्हणतात आणि तसेच लिहितात. मी विषय जीवशास्त्राचा शिकवीत असलो तरी प्रत्येक वहीतला तो 'न' लाल शाईने दुरुस्त करीत असे. प्रमाण भाषा शिकवू नये असे मी म्हणत नाही. परीक्षेला ती लागते. पण मी ती शिकवीत नव्हतो. मी त्यांच्या तोंडची बोली म्हणजे मराठीचे मोडके रूप आहे असे धरून चाललो होतो. त्या भाषेत 'ण' तुटलेला नाही; तिथे खुंटही नाही आणि खोबणही नाही. नसणे आणि तुटणे ह्यांतला फरक ज्याला प्राण्याच्या शरीरावर ओळखता येत नाही, त्याला तो माणसाच्या जिभेवर तरी कुठून ओळखता येणार?

सालेकशाच्या परिसरातले पाणी बाघ नदीतून वैनगंगेला, वैनगंगेतून प्राणहितेला, तिथून गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्रात जाते. मिल्न-एदवार्दने वर्णन केलेले नमुने त्याच बंगालच्या उपसागराच्या कडेचे, गंगेच्या मुखाशी मिळालेले होते. म्हणजे आमच्या गावाहून पाणी ज्या समुद्राला जाते त्यातही हा सहा पायांचा जीव आहे, आणि ज्या पश्चिम समुद्राकडून पोती येतात त्यातही. दोन्हीकडून तो आम्हाला वेढून होता. पाहिला तो एका मुलाने.

बारावीनंतर तो कुठे गेला हे मला कळले नाही. त्याची प्रयोगवही मात्र आठवते. त्या आकृतीला मी दहापैकी नऊ गुण दिले होते. एक गुण कापला तो रेषा पुसट आल्या म्हणून. चौथ्या आणि पाचव्या जोडीच्या.