दोरी माझ्या हातात होती



एरवी आपण इथे पाठ, उपक्रम, मूल्यमापन यांबद्दल बोलतो. आजचा अनुभव वर्गाबाहेरचा आहे. पण शेवटी तो फिरून वर्गातच आला, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे एक गावठी कुत्रा आहे. कोरोनाच्या काळात शाळा बंद असताना शाळेच्या व्हरांड्यात पिल्लू सापडलं. पांढरंशुभ्र, म्हणून माझ्या मुलाने नाव ठेवलं 'खडू'. मोठ्या शहरांत आता कुत्र्यांसाठी वेगळी उद्यानं होत आहेत. आमच्या तालुक्याच्या गावात तसलं काही नाही. बाजारतळाचं मैदान आहे. आठवड्याचा बाजार नसेल तेव्हा तिथे पोरं क्रिकेट खेळतात, म्हातारी माणसं फेऱ्या मारतात आणि आम्ही दोन-चार जण कुत्री फिरवतो.

एका रविवारी सकाळी मी, मुलगा आणि खडू मैदानावर गेलो. कट्ट्यावर दोन अनोळखी माणसं बसली होती. त्यातला एक जण उठला आणि उगाच खडूकडे बघून भुंकायला लागला, टाळ्या वाजवायला लागला. दुसरा हसत होता. खडूने शेपूट पायात घातली, कान मागे घेतले, तो माझ्या पायाला चिकटला. मी काय केलं? दोरी आखडून धरली आणि म्हणाले, "खडू, बस. शांत बस."

खडू बसला. मीच त्याला तसं शिकवलं होतं आणि त्याचा मला केवढा अभिमान होता! तो माणूस जवळ आला आणि बसलेल्या खडूच्या बरगडीत त्याने लाथ घातली.

खडू केकाटला आणि मग त्याने दात दाखवले. लगेच तो माणूस ओरडला, "बघितलं का, चावरं आहे! असल्यांना मारूनच टाकलं पाहिजे." चार माणसं जमली. आधी काय झालं ते कोणी पाहिलं नव्हतं, दात मात्र सगळ्यांनी पाहिले. एक आजी म्हणाल्या, "मॅडम, घेऊन जा बाई त्याला घरी." मी खाली मान घालून निघून आले. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी मी, तोंडातून शब्द फुटला नाही.

डॉक्टरांनी तपासलं. हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. संध्याकाळी मुलगा खडूजवळ बसून होता. तिसरीत आहे तो. त्याने विचारलं, "आई, तू त्याला बस का म्हणालीस? तो पळाला असता ना."

त्या प्रश्नाचं उत्तर मला रात्रभर सापडलं नाही. घाबरलेल्या कुत्र्याकडे दोनच उपाय असतात. पळणं किंवा चावणं. दोरी बांधून मी त्याचं पळणं काढून घेतलं होतं. 'चावायचं नाही' हे शिकवून दुसरा उपायही काढून घेतला होता. हे दोन्ही बरोबरच होतं, सार्वजनिक जागी ते करायलाच हवं. पण मग तिसरी गोष्ट माझ्यावर येत होती. मध्ये उभं राहायची. तीच मी केली नाही.

त्यानंतर मी बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि आमच्या फिरण्याच्या पद्धतीत काही बदल केले. घरी कुत्रा असलेल्या पालकांना उपयोगी पडतील म्हणून देते.

१. मैदानात शिरण्याआधी नजर फिरवायची. कोणी लांबूनच चाळे करत असेल, तर त्या बाजूला जायचंच नाही. मोबाइल खिशात ठेवायचा.

२. नुसत्या गळपट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस घालायचा. घाबरलेला कुत्रा मागे ओढ घेऊन गळपट्ट्यातून डोकं सोडवून घेतो.

३. 'बस'इतकंच 'चल' शिकवायचं. 'चल' म्हटलं की वळून माझ्याबरोबर चालू लागायचं. आम्ही घराच्या अंगणात रोज पाच मिनिटं, हातात भाकरीचा तुकडा घेऊन हा सराव केला.

४. कोणी अंगावर आलं तर कुत्रा आपल्या मागे, आपण मध्ये. हात पुढे करून मोठ्याने, स्पष्ट सांगायचं, "तिथेच थांबा." वाद घालायचा नाही, निघायचं. आपण ओरडलो की कुत्राही बिथरतो.

५. कुत्रा सारखे ओठ चाटतो, जांभया देतो, अंग ताठ करतो, गुरगुरतो, तेव्हा तो 'मला भीती वाटते' असंच सांगत असतो. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नये. गुरगुरणं बंद केलं तर पुढच्या वेळी तो न सांगताच चावेल.

६. रेबीजची लस दरवर्षी, आणि त्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये.

कायदाही माहीत असावा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. प्राण्याला लाथ मारणं, मारहाण करणं हा त्यानुसार गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये! प्राण्याला ठार मारलं, विष घातलं किंवा जायबंदी केलं तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सजीवांविषयी दयाभाव बाळगणं हे तर संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मधलं मूलभूत कर्तव्य आहे. मी त्या दिवशी फोटो काढला नाही, तक्रार केली नाही. ती माझी चूक. धोका वाटला तर ११२ ला फोन करता येतो, हेही तेव्हा सुचलं नाही.

महिन्याभराने पुन्हा तसंच घडलं. एक माणूस लांबूनच ओरडत, दगड उचलत आमच्याकडे यायला लागला. मी खडूला मागे घेतलं, हात पुढे केला, "दादा, तिथेच थांबा. मी त्याला धरलंय, आम्ही पलीकडून जातो." तो थांबला. तेव्हा दिसलं की त्याच्या पाठीमागे एक लहान मुलगी त्याचा शर्ट धरून उभी होती. तिला पूर्वी कुत्रा चावला होता, असं तो म्हणाला. दगड त्याच्या हातातून खाली पडला आणि आम्ही लांबून वळसा घालून गेलो. त्याची भीती खोटी नव्हती. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. खोडसाळ माणूस आणि घाबरलेला बाप लांबून सारखेच दिसतात. दोघांसाठी माझं काम एकच, मध्ये उभं राहून अंतर ठेवणं.

आता वर्गातली गोष्ट. त्या लाथेनंतरच्याच आठवड्यात माझ्या वर्गातला एक मुलगा रडत आला, "मॅडम, तो मला मधल्या सुट्टीत मारतो." मी वही तपासत होते. सवयीने म्हणाले, "बरं, जा, जागेवर बस."

तो गेला आणि बसला. आणि मला खडू दिसला.

आपण मुलांना सांगतो, उलट मारायचं नाही. वर्गातून पळायचं नाही. सांगायलाच हवं. पण हे दोन्ही काढून घेतल्यावर त्या मुलाकडे उरतं कोण? आपणच ना? पेन खाली ठेवलं, उठले आणि त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. नंतर कळलं, हे दिवाळीपासून चाललं होतं. तो मला आधीही दोनदा सांगायला आला होता.

खडू अजूनही त्या कट्ट्याजवळून जाताना माझ्या पायाला चिकटतो. आता मी त्याला 'बस' म्हणत नाही. बाजू बदलते, मी कट्ट्याकडून चालते आणि म्हणते, "चल."

तुमच्या वर्गात 'जागेवर बस' ऐकून मुकाट बसणारं मूल कोण आहे? उद्या एकदा त्याच्याजवळ जाऊन विचारा.