जरा पित्त झालंय, एवढंच!

"जरा पित्त झालंय, एवढंच!" हे वाक्य आमच्या घरात रोज कुणीतरी म्हणायचंच. सासूबाईंच्या पोटात आग पडली, पित्त. माझ्या छातीत जळजळलं, पित्त. धाकट्याच्या अंगावर गांधी उठल्या, तेही पित्तच! आणि संध्याकाळी घरातला पसारा पाहून ह्यांचं पित्त खवळायचं, ते वेगळंच. इतक्या दुखण्यांना नाव एक आणि उपायही ठरलेले: थंड दूध, मोरावळा, आमसुलाचं पाणी, नाहीतर औषधाच्या दुकानातली ती गुलाबी बाटली.

2023 साली अधिक श्रावण आला. म्हणजे एका वर्षात दोन श्रावण! धोंड्याचा महिना म्हणून सासूबाईंनी महिनाभर एकच वेळ जेवायचं ठरवलं. पुढे निज श्रावणातले सोमवार, शनिवार होतेच. गुडघे त्यांचे आधीपासूनचे दुखरे. "शाळेतून येताना ती गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी आण गं," म्हणायच्या. मी आणायची. उपवासाच्या पोटी त्या गोळी घ्यायच्या. मग, "इथं बेंबीच्या वर आग होते बघ," म्हणायच्या. मी गुलाबी बाटलीही आणायची. एकाच दुकानातून, एकाच पिशवीतून.

गौरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी सासूबाई देवघरासमोरून उठता उठता मटकन खाली बसल्या. चेहरा पांढराफटक, हातपाय गार. दवाखान्यात नेलं तर हिमोग्लोबिन 7! डॉक्टरांनी विचारलं, "आजी, शौचाला काळं होतंय का?" सासूबाई माझ्याकडे बघेनात. हळूच म्हणाल्या, "आठ दिवस झाले. डांबरासारखं होतंय. असलं कुणाला सांगायचं?"

दुर्बिणीतून तपासणी झाली. जठरात व्रण होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं. दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं. डॉक्टरांनी सहज विचारलं, "या दुखण्याच्या गोळ्या आणतं कोण?" मी मान खाली घातली. एका हाताने आग लावत होते आणि दुसऱ्या हाताने विझवत होते, असंच म्हणायचं!

त्या आधीच्याच वर्षी विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून सातवीचा पचनसंस्थेचा धडा मी घेतला होता. मी बी. ए. झालेली, मराठी आणि इतिहास शिकवणारी. एका मुलीने विचारलं, "बाई, पोटात एवढं तीव्र ॲसिड असतं, तर पोट कसं जळत नाही?" मी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली होती. त्याचं उत्तर मला दवाखान्याच्या बाकावर मिळालं.

ॲसिड हा काही शत्रू नव्हे. अन्नाबरोबर पोटात गेलेले जंतू ते मारतं, डाळी-दुधातली प्रथिनं पचायला मदत करतं. जठराला आतून बुळबुळीत थराचं अस्तर असतं, म्हणून जठर भाजत नाही. पण दुखण्याच्या कित्येक गोळ्यांनी हे अस्तर दुबळं होतं. दुसरा चोर म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. तो जठरात ठाण मांडून बसतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांनी तो शोधला. कुणाचा विश्वास बसेना, म्हणून मार्शल यांनी 1984 साली तो जंतू स्वतःच पिऊन पाहिला! 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. सासूबाईंच्या पोटात तो जंतू सापडलाच. चौदा दिवस जंतुनाशक गोळ्यांचा कोर्स झाला, दुखण्याच्या त्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या.

"आणि तुमचं काय?" डॉक्टरांनी मला विचारलं. बोलता बोलता मला आंबट ढेकर आला होता! माझं दुखणं निराळं निघालं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की ॲसिड वर येतं. अन्ननलिकेला जठरासारखं अस्तर नाही, म्हणून छातीत जळजळतं.

डॉक्टरांनी माझा दिवस विचारला. पहाटे रिकाम्या पोटी चहा, धावतपळत शाळा, अकरापर्यंत उपाशी. रात्री सगळ्यांची जेवणं उरकून, ह्यांना वाढून, साडेदहाला उरलंसुरलं आमटीभात मी जेवायची. मग ओट्याची आवराआवर, वाकून फरशी पुसणं आणि लगेच अंथरुणावर. वर परकराची नाडी करकचून बांधलेली! "झडप बिचारी काय करणार?" डॉक्टर हसले.

मैत्रिणींनो, मी जे केलं ते साधंच आहे. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवलं. नाडी सैल केली. जेवल्यावर वाकायची कामं बंद. डाव्या कुशीवर झोपू लागले. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून तो सहा इंच उंच केला. नुसत्या दोन उशांनी मान तेवढी उचलली जाते आणि पोट दुमडतं, त्याचा उपयोग नाही. हे म्हणाले, "रात्रभर घसरगुंडीवर झोपल्यासारखं वाटतं!" पण चार दिवसांत सवय झाली. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण त्याने पुढे ॲसिड वाढू शकतं. उपवासाला साबुदाणा खिचडी आणि तळलेल्या पापड्या भरपेट खाण्यापेक्षा राजगिऱ्याची लाही, केळं, ताक मला सोसतं. पित्ताची कॅप्सूल डॉक्टरांनी दिली असेल तर नाश्त्याआधी अर्धा तास घ्यावी; त्यांना न विचारता वर्षानुवर्षं घेऊ नये.

आणि काही खुणा मात्र "पित्त" म्हणून झाकू नका. काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, विनाकारण वजन घटणं. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, दम लागला, तर मोरावळा शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा. ते हृदयाचं असू शकतं.

सगळ्यात अवघड गेलं ते जेवणाची वेळ बदलणं. ह्यांच्याआधी मी जेवायचं? सासूबाईंनी चाळीस वर्षं मागून जेवून काढली होती. त्यांना काय वाटेल, या धास्तीने मी दोन दिवस पुन्हा साडेदहालाच जेवले. तिसऱ्या दिवशी आठ वाजता सासूबाईंनी स्वतःच दोन ताटं घेतली. म्हणाल्या, "बैस. त्याचं झाकून ठेव, तो घेईल आपल्या हाताने."

पहिल्या दिवशी ह्यांनी आमटी गरम करताना पातेलं करपवलं. सासूबाई आतून ओरडल्या, "गॅस बारीक कर रे!" पण उठल्या नाहीत. मलाही उठू दिलं नाही.